शिडामागचा हात

धुरपता : सत्तर नाही पोरी, पंचाहत्तर साल. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीची, पाडव्याची शर्यत आहे ही. लिहून घे.

रंजिता : आजी, इतकं पक्कं कसं सांगता? फोटोत चेहरे तर सारे धुरकट आहेत.

धुरपता : काठावर ही पोट घेऊन उभी आहे ना, ती मी. मंजू पोटात होती. त्याच दिवाळीले झाली.

केवलराम : अन् तिच्या बाजूले टोपलं घेऊन बसली, ते माही माय. सगळ्यायले मुरमुरे वाटून राहिली. शर्यतीच्या दिवशी तिचा हात सैल राहे.

धुरपता : एरवी मीठसुद्धा मुठीत दडवे.

केवलराम : मेल्या माणसाले तरी सोड, मंजूची माय. का गं पोरी, गोंदियाले टॉकीजजवळ फोटोचा स्टुडिओ होता, तो तुह्याच आज्याचा ना?

रंजिता : हो आजोबा. घर साफ करताना डबाभर निगेटिव्ह निघाल्या. इटियाडोह धरणाच्या पाण्यावर शिडाचे डोंगे, एकदम झकास. पण नाव नाही, साल नाही. प्रदर्शन लावायचं म्हणते, तर खाली काय लिहू? हा पुढचा डोंगा कोणाचा, तेच समजून नाही राहिलं.

केवलराम : त्याच्यात समजाचं का आहे? माहा.

रंजिता : माणूस तर शिडामागं लपला. आणि दोन्ही डोंग्यांची शिडं अगदी सारखी आहेत.

धुरपता : सारखीच राहतीन. माह्या मायचं एकच लुगडं. मधातून फाडलं, अर्धं यायले देलं, अर्धं भावाले. दोन्ही शिडं मीच शिवली. भाऊ उदाराम तो, मागच्या डोंग्यात.

केवलराम : मागच्या. आयकलं का पोरी? तिच्याच तोंडून आयक.

धुरपता : तुमी म्हणता म्हणून म्हटलं. तिकडून उदाराम आजही म्हणते, मी पहिले लागलो. मी इथं काठावर होती, पण मले तं दोन शिडंच दिसली.

रंजिता : मग निकाल कोणी दिला?

धुरपता : धरणावरच्या साहेबानं. पितळेची घागर यायच्या हाती ठेवली. उदाराम भांडाले लागला, तं यायनं भर काठावर त्याले लबाड म्हटलं. तो डोंगा फिरवून गेला, तो गेलाच. माहेर माहं, ते पाहा, पल्याड झाडं दिसतात ना, तिथं. सकाळी त्याच्या चुलीचा धूर दिसते. अन् भाऊबीजेले मी चंद्राले ओवाळते. भाऊ असून.

रंजिता : तुम्हीच जायचं होतं, आजी.

धुरपता : ज्या घरात नवऱ्याले पाय ठेवता येत नाही, तिथं मी कोणत्या तोंडानं जाऊ?

केवलराम : मी खोटं बोललो असतो तं गोष्ट वेगळी. आता फोटोच आहे, वाद कायले? पोरी, शर्यत संपे त्या काठीजवळच्या डोंग्याकडं पाह्य. माणूस नाही दिसत, पण वल्ह्यावरचा हात दिसते ना?

रंजिता : हो. डावा हात आहे.

केवलराम : डावा. दोन्ही काठांवर डाव्या हातानं वल्हं मारणारा मी एकटा. मले नावच डेबऱ्या. झालं? लिही, केवलराम पहिला.

रंजिता : मग तर पक्कं झालं. लिहिते.

धुरपता : थांब पोरी.

केवलराम : आता का झालं?

धुरपता : तुमची माय डेबरी होती का?

केवलराम : माय? मी डाव्या हातानं घास उचलला तं पाठीत फुकनी घाले ते. तुले नाही माहीत का?

धुरपता : माहीत आहे, म्हणूनच विचारते. चष्मा लावा अन् पाहा. डाव्या हातानं मुरमुरे खाऊन राहिली.

केवलराम : माय?

धुरपता : तेच नाही, साऱ्या बाया. ते पोट्टे पाहा, तो फेटेवाला पाहा. अख्खं गाव एका दिवसासाठी डेबरं झालं.

रंजिता : अरे देवा. आजी, चूक माझी आहे. निगेटिव्ह मी उलट्या बाजूनं लावली असेल. थांबा, लॅपटॉपवर फिरवून दाखवते. हे बघा, आता सुलटा आहे.

धुरपता : आता कशा उजव्या हातानं खाऊन राहिल्या.

रंजिता : आणि वल्ह्यावरचा हात... आजोबा, तोही उजवा झाला.

धुरपता : दोन्ही काठांवर डेबरे तं तुमी एकटेच ना?

केवलराम : घागर कुठं आहे?

धुरपता : चुलीजवळ. पाणी आहे तिच्यात.

केवलराम : ओत ते. अन् चिंच लावून घास.

(भाऊबीज होऊन गेल्यावर. घरापुढची तीच छपरी.)

रंजिता : आजी, हा घ्या तुमचा फोटो, सुलटा. बाकीचेही तपासले, आणखी काही उलटे निघाले. आता प्रदर्शन भंडाऱ्यालाही बोलावलं आहे. आजोबा कुठं गेले?

धुरपता : पल्याड. सकाळीच डोंगा घेऊन जाते. उदारामले आता डोळ्यानं दिसत नाही, चाचपून जाळं विणते. हे बाजूले बसून चुका काढते.

रंजिता : म्हणजे परत भांडण?

धुरपता : रोजचं. पहिले दोघं आपापल्या घरी भांडत, आता सोबत भेटली.

रंजिता : दिसत नाही, तर फोटो कसा दाखवला?

धुरपता : यायनं त्याचा हात धरला अन् बोट फोटोवर ठेवलं. म्हणे, हा हात माहा नाही, तुहा आहे.

रंजिता : मग ते काय म्हणाले?

धुरपता : म्हणे, मले माहीत आहे. अन् बसाले खाट सरकवली.

रंजिता : आणि मंजूताई?

धुरपता : कामठ्याहून आली होती. स्वतः आजी झाली, तवा मामाचं घर पाहिलं. मामानं तिले मांडीवरच बसवलं असतं, पण गुडघे नाही म्हणाले.

रंजिता : या भाऊबीजेला चंद्राचं काय झालं मग?

धुरपता : वाट पाहून पाहून मावळला असंल.

रंजिता : पण आजी, घागर तर इथंच दिसते. ती तुमच्या भावाला दिली ना?

धुरपता : देली. तं भाऊबीजेले आला, तो तिच्यातच ओवाळणीचे तांदूळ भरून. आता भावाचं भांडं रिकामं कसं धाडू? मी लाडू भरून धाडली. ते वापस आली, लाखोळीची डाळ घेऊन.

रंजिता : मग घागर कोणाची? फोटोखाली काय लिहू?

धुरपता : उदारामनं जिंकली, असं लिही. अन् ते टोपलं सरकव इकडं. डोंगा येईल आता, घागरीत मुरमुरे भराचे राहिले.