यमाजीची दोन मडकी

मंडळी, आज एक अवघड प्रश्न विचारतो. खरं बोलणारा माणूस उघड बोलतो, हो ना? मग ज्याला आपलं मत झाकून द्यावंसं वाटतं, तो भित्रा म्हणायचा की शहाणा? आणि त्याला झाकावं लागतं, त्यात पाप कुणाचं? माना डोलवू नका एवढ्यात! आधी ऐका.

माझं आजोळ शेरीवाडी. आजी सांगायची ती गोष्ट. स्वराज्य नुकतंच आलेलं. दारोदारी यमाजी कुंभाराचे माठ. काय ते पाणी, मंडळी! ओंजळीत घेतलं की मातीचा वास आधी यायचा, पाणी मागून! आता फ्रिज आला. दात गारठतात, जीव काही निवत नाही. असो!

पंचायतीची निवडणूक तेव्हा चावडीपुढं व्हायची. हात वर करून! दर खेपेला उभे राहायचे रंगराव इनामदार, गावचं तळं त्यांच्याच ताब्यात. नाव घेतलं की फटाफट हात वर. बायकांचे? बायकांचे हात नवरेच वर करायचे, एक आपला, एक बायकोचा म्हणून दोन्ही हात उचलून! हसताय काय? तुमच्याच आज्या त्या!

एका साली बाजी सुतार उभा राहिला. 'तळ्याची माती सगळ्यांची,' म्हणाला. बाजीचं नाव पुकारलं. हात किती वर आले? एक! यमाजीचा. बाजीचा सख्खा भाऊसुद्धा जमिनीकडं बघत बसला.

आणि दुसऱ्या दिवशी यमाजी गाढवं घेऊन तळ्यावर गेला, तर रंगरावांचा गडी दौलती आडवा!

"माती बंद."

"का रं बाबा?"

"इचार तुझ्या हाताला!"

तीन वर्षं, मंडळी! तीन कोसांवरून नदीची माती आणली त्यानं. त्यात रेती फार. भट्टीत निम्मी मडकी तडकायची. बायको हौसा म्हणायची, "एक हात खाली ठेवला असता, तर काय झिजला असता?" यमाजी मातीतली रेती चाळत राहायचा. पण मनात त्याच्या राग नव्हता, वाईट वाटत होतं. बाकीचे हात खोटे, हे त्याला कळत होतं. आणि त्या माणसांना तो दोषही देऊ शकत नव्हता. लेकरंबाळं सगळ्यांनाच असतात.

पुन्हा निवडणूक आली, पुन्हा रंगराव आणि बाजीच समोरासमोर. तालुक्याचा कारकून आला, सभा भरली. यमाजी उठला.

"सरकार, औंदा मत झाकून घ्या."

रंगराव हसले. "आमच्या गावात चोरून करण्यासारखं काही नाही, यमाजी. मर्दानं हात उघड वर करावा!"

"खरं हाय, सरकार. पर गिऱ्हाईक मडकं घेतं तवा वाजवून घेतं. वरनं समदी सारखीच दिसत्यात. गाव तुमच्यावर जीव लावतं म्हनता न्हवं? एकदा वाजवून बघा की!"

रंगरावांच्या मिशीला पीळ बसला. नाही म्हणावं, तर भ्याले असं होणार. म्हणाले, "होऊन जाऊ दे!"

मग यमाजीनं दोन मोठी मडकी घडवली. अरुंद तोंडाची. एकावर चुन्यानं सूर्य काढला, तो रंगरावांचा. दुसऱ्यावर करवत, ती बाजीची. आणि मातीच्या गोळ्या भाजल्या, बोराएवढ्या. माणशी एक! मारुतीच्या देवळात घोंगडीचा पडदा लावला.

आता दौलती काय कमी? पडद्याला कान लावून बसला! गोळी कुठल्या मडक्यात वाजते ते ऐकायला! पण कुंभाराला मडक्याचा आवाज कुणी शिकवायचा? दोन्हींत त्यानं निम्म्यापर्यंत मऊ राख भरलेली, गोळी पडली की आत रुतायची. टप् नाही की टुप् नाही! दौलतीचा कान दुखला, हाती काही लागलं नाही!

एक गडी बायकोबरोबर पडद्याआड निघाला. "तिला कळत न्हाई, मी दावतो."

यमाजी म्हणाला, "देवाला निवद दावताना पडदा वढत्यात. तवा तू आत बसतोस व्हय?"

ती बाई एकटी गेली. आजी सांगायची, त्या दिवशी पडद्याआडून बाहेर येणाऱ्या बायकांची चालच वेगळी होती. त्यांतली एक आजी स्वतः होती, मंडळी. सांगताना म्हातारीचे डोळे लकाकायचे.

मडकी उपडी केली. करवत – एकशे तेरा. सूर्य – त्र्याहत्तर.

बाजी रडायलाच लागला. रंगराव मात्र त्या राखेतल्या गोळ्यांकडं बघत उभे. मग हळू आवाजात म्हणाले, "यमाजी, तुझी कुठल्या मडक्यात?"

"ते मी हौसालाबी सांगितलं न्हाई, सरकार."

रंगरावांनी मान हलवली. "आजवर माझ्यापुढं सगळा गाव हात वर करायचा. त्यातलं माझं माणूस कोण, ते कधी कळलं नाही. ही त्र्याहत्तर माझी." खाली बसले, स्वतःच्या हातानं गोळ्या वेचल्या, सूर्याच्या मडक्यात भरल्या आणि ते मडकं घरी नेऊन देवघरात ठेवलं. तळं खुलं झालं. यमाजीच्या चाकावर पुन्हा काळी माती चढली. पहिला माठ त्यानं कुणाला दिला असेल? रंगरावांना! मंडळी, हरणाराही तसा होता, हरवणाराही तसा होता. कुठं गेली ती माणसं?

आता तुमच्याकडं वळतो. तुम्हाला पडदा आहे, यंत्र आहे, बटण आहे. कुणी कान लावत नाही. आणि तुम्ही काय करता? मतदानाआधीच चौकात उभं राहून सांगता – 'आमच्या आळीची चारशे मतं, एकगठ्ठा!' अहो, गठ्ठा गवताचा बांधतात, माणसांचा नव्हे! यमाजीनं तीन वर्षं गाढवामागं पाय झिजवले, ते तुम्हाला एकेकट्यानं आत जाता यावं म्हणून. आणि तुम्ही आत जाता, ते कुणाला तरी बरोबर घेऊनच – कुणाचा धाक, कुणाची जात, कुणाचं जेवण!

पुढच्या खेपेला पडद्याआड जाल, तेव्हा क्षणभर थांबा. विचारा स्वतःला – आत आलाय तो मीच आहे ना?

उत्तर मला सांगू नका. शेजाऱ्यालाही नको. त्या पांडुरंगाला तेवढं कळू द्या, आणि आता टाळी द्या त्याच्या नावाला!