आवाज कसा कळणार?

बँकेच्या रांगेत माझ्या पुढच्या आजींनी पार्सल द्यायला आलेल्या कुरिअरवाल्याला ओळखलं.

"तुम्ही चौकातल्या टीव्ही-रेडिओच्या दुकानात होता ना?"

"एकोणीस वर्षं. बंद पडलं ते. आजी, रांग सरकली, पुढे व्हा."

"आमच्या ह्यांना कमी ऐकू येतं. नवा रेडिओ घ्यायचाय. मोबाइलवर नुसते फोटो. आवाज कसा कळणार?"

"नाही कळत."

"तुम्ही एकेक लावून दाखवायचात. कधी वैतागला नाहीत."

"आता बावीस पार्सलं राहिलीत. फोन थांबत नाहीये."

"मग पटकन सांगा, कुठला घेऊ?"

"जुना आहे घरात?"

"आहे. नुसता खरखरतो."

"नवा घेऊ नका. संध्याकाळी येऊन बघतो. पत्ता सांगा."

"परवाच आमच्या दाराशी खोकं ठेवून गेलात. आवाज ओळखला मी, पण दार उघडेपर्यंत तुम्ही जिना उतरला होतात."