गढीच्या दारात चपला

माझं कुणी खरं मानलं नाही. आठ वर्षं सांगतेय. नवरा म्हणाला, झोपेत चाललीस. सरपंच म्हणाला, मावशे, चष्मा लाव. तूच लाव म्हटलं! ऐका गं. पाचवीचं जागरण आहे, तसंही झोपायचं नाही कुणी.

ओढ्यापलीकडची गढी. तिच्या दारावरून आपल्या वस्तीच्या माणसानं जायचं तर चपला काढून हातात धरायच्या. सासूनं धरल्या, तिच्या सासूनं धरल्या. मालक बदलले, चपला हातातच. माझा चुलतदीर सदबा एका रात्री तिथनं निघाला, त्यानंही काढल्या. सकाळी त्याच दारात उभा सापडला. चपला हातात, डोळे उघडे. वाचा गेली ती मरेपर्यंत आली नाही. अंगावरून वारं गेलं म्हणे! कसलं वारं?

तर दिवस बुडाला आणि वरच्या वस्तीवरून निरोप आला. कांता अडलीय. माझी थोरली. पहिलंच बाळंतपण, मूल आडवं. साऱ्या वस्त्यांची बाळंतपणं मी केलेली, आणि माझीच लेक अडली! गाडीवाटेनं पहाट झाली असती. गढीवरून जवळ. निघाले. पायात नव्या कोल्हापुरी, करकर वाजतायत.

दारात आवाज आला, "चपला काढ."

बघते तर सफारीतला शेठ. गढीचं हॉटेल करणार होता तो. अहो, पण तो आदल्याच वर्षी मेलेला!

म्हटलं, "कुणाचा हुकूम?"

"मला काय माहीत? मी घेतली तेव्हा रिवाज होताच. आधीच्या मालकाला विचार."

आणि विझला. दिव्यासारखा!

पुढं गेले तर पाय उचलेना. चिखलात रुतल्यागत. समोर सावकार, माझ्या जन्माआधीच मेलेला. गोड बोलला, "काढ की बाई, पाय हलके होतील."

"कुणाचा हुकूम?"

"साहेबाकडून घेतली गढी, रिवाजासकट."

मग गोरा साहेब, घोड्यावर. घोड्याला पायच नाहीत गं! "चप्पल निकालो!" असा ओरडला, वटवाघळं उडाली. विचारलं कुणाचा हुकूम, तर त्यानं मागं बोट केलं. मागच्या अंधारातून कोण बोलावं? कांता!

"आई, चपला टाक गं! लवकर ये, मी मरते!"

वाकले मी. खोटं कशाला सांगू, बोटं चपलेच्या अंगठ्याला लागली. पण माझी कांता मला आई म्हणते होय कधी? बये म्हणते, लहानपणापासून. ताठ उभी राहिले. "लबाडा, ये समोर!"

आला. दार भरून आला. पागोटं, ढाल, उपसलेली तलवार. गढी बांधणारा पहिला मालक, दारावरच्या दगडात नाव कोरलेला. "काढ!"

"कुणाचा हुकूम?"

त्यानं मागं बघितलं. मागं कुणी नाही. बोट दाखवणार कुणाकडं?

"अरे, माझ्या सासऱ्याच्या पणज्यांनी हे दगड पाठीवर वाहिले. भिंत आम्ही रचली, आणि अनवाणीही आम्हीच?"

करकर करकर, गेले त्याच्या आरपार. थंडगार! विहिरीत पडल्यागत. मागून तलवार आली ती पदर चिरून गेली. पळाले नाही. चालत गेले, चपला घालून.

कांता सुटली. मूल फिरवलं, नात रडली, मग मी रडले.

पोरींनो, रात्री ती वाट धरू नका. लांब पडली तरी गाडीवाटच. आणि सापडलातच, तर चपलेला हात लावायचा नाही. हुकूम कुणाचा ते विचारायचं. शेवटी पहिला मालक येईल, तोही मागं बघेल. मग तुम्हीच सांगायचं, साऱ्या गढीला ऐकू जाईल असं: हुकूम तुझाच, जैतोजी सरनाईक.