सीटखालची बाटली

(घाना, विनेबाचा किनारा. मंगळवार, म्हणजे समुद्राच्या विश्रांतीचा दिवस. मासळीबाजाराच्या राणीचं, म्हणजे आजीचं, अंगण.)

आजी : आधी पाणी प्या. तहानलेल्या माणसाला आम्ही कामाचं विचारत नाही.

एबो : घेतो, मॅडम.

आजी : मॅडम शाळेत असते. मी शाळेच्या पायरीवर मासे विकले, आत कधी गेले नाही. आजी म्हणा.

अराबा : आजी, साहेब एवढ्या लांबून गाडी चालवत आलेत.

आजी : म्हणून तर पाणी दिलं. प्यालात? आता बोला. इथं सगळं ठीक आहे, वाट तुम्ही तुडवलीत. काय काम काढलंत?

एबो : मी अमेरिकन वकिलातीतून आलोय. तुमच्या नातीची, अराबाची, निवड झालीय, आजी. सगळ्या आफ्रिकेतून तरुण मुलं येणार आहेत. सहा आठवडे अमेरिकेत नेतृत्वाचं शिक्षण. राहणं तिथल्याच एका कुटुंबात. तिकीट, जेवण, सगळं फुकट.

आजी : फुकट.

एबो : हो.

आजी : गळाला लावलेला किडाही माशाला फुकटच मिळतो.

अराबा : असं काय बोलतेस गं.

आजी : तू गप. काय केलं हिने म्हणून हीच निवडली?

एबो : मासे धुरवायच्या त्या नव्या भट्ट्या. कमी धुराच्या. आता सगळा बाजार त्याच वापरतो.

आजी : वापरतो, कारण मी सांगितलं. ही सांगत होती तेव्हा बायका जांभया देत होत्या.

अराबा : मुलाखतीत मी तेच सांगितलं. आजीने मान हलवल्याशिवाय आमच्या बाजारात वीट हलत नाही म्हणून.

आजी : मग मला न्यायचं. हिला कशाला?

एबो : वयाची अट आहे, आजी. पस्तिशीच्या आत.

आजी : बघा. म्हातारीला कोणी फुकट नेत नाही. मागच्या गल्लीतली पोर अशीच नेली, आखातात हॉटेलची नोकरी म्हणून. कुणाच्या तरी घरात भांडी घासत कोंडलेली सापडली.

एबो : आम्ही त्यातले नाही.

आजी : तिला नेणाराही हेच म्हणाला होता. त्याच्याही शर्टाला अशीच कडक इस्त्री होती. मला सांगा, यात अमेरिकेला काय मिळतं?

एबो : मैत्री. उद्या हीच मुलं इथला कारभार बघतील. तेव्हा आठवण ठेवतील.

आजी : आत्ता खरं बोललात. आज पेरायचं, उद्या कापायचं. हे कळतं मला. फुकट कळत नव्हतं.

अराबा : मग पासपोर्ट देतेस? शुक्रवारी विमान आहे. तू हो म्हटल्याशिवाय मी जाणार नाही, हे मी साहेबांना सांगितलंय.

आजी : पासपोर्ट पेटीत आहे नि किल्ली माझ्या कमरेला. साहेब, मुलगी न्यायला आलात, ते हात हलवत? आमच्यात मागणी घालायला दारावर थाप मारणारा दारूची बाटली घेऊन येतो.

एबो : ते लग्नाचं झालं, आजी.

आजी : पोर घराबाहेर जाते ना? बाटली मांडली की वाडवडिलांना कळतं, नेणारा कोण ते.

एबो : ऑफिसचा नियम आहे. कुणाच्या घरी काही द्यायचं नाही. लाच ठरते.

आजी : भले. मुलगी नेलेली चालते, बाटली दिलेली चालत नाही.

एबो : ...गाडीत आहे.

आजी : काय?

एबो : बाटली. श्नॅप्सची. सकाळी आईने सीटखाली ठेवली. म्हणाली, मुलीच्या घरी रिकाम्या हाताने जाऊ नकोस. मी नियम सांगितला, तर म्हणते, नियमाला आई नसते.

आजी : कुठली हो तुमची आई?

एबो : मॅनकेसिमची. बाजारात कापड विकते. ताविया नाव.

आजी : हिरव्या छत्रीखाली बसते ती? भाव पाडला की तोंड फिरवते?

एबो : तीच.

आजी : झालं तर. पोर परत आली नाही तर कुणाच्या छत्रीखाली जाऊन बसायचं, ते आता ठाऊक झालं. आणा बाटली. ऑफिसची म्हणून नको, आईची म्हणून आणा.

एबो : ही घ्या.

आजी : उजव्या हाताने, साहेब. अमेरिका करता करता एवढंही विसरलात? हं. अराबा, समोर ये. रीतीने तीनदा विचारते. बाटली घेऊ?

अराबा : घे, आजी.

आजी : नीट ऐक. प्यालेलं परत बाटलीत जात नाही. घेऊ?

अराबा : घे.

आजी : तुझी आई याच ओट्यावर उभी होती. इटलीत शिवणकामाचा वर्ग, तीन महिन्यांचा. अजून आली नाही. तिला कुणी कोंडलं नाही, साहेब. कुणी फसवलं नाही. नाताळला फोन करते, आवाज चांगला खणखणीत असतो. मी तुम्हाला घाबरते असं वाटलं का तुम्हाला? तिसऱ्यांदा विचारते. घेऊ?

एबो : अराबा, आजी विचारतायत.

अराबा : घे. पण उघडू नकोस.

आजी : न उघडलेली बाटली म्हणजे बोलणी अर्धीच.

अराबा : अर्धीच राहू दे. उरलेली मी आल्यावर करू.

आजी : ...साहेब, आईला सांगा, बाटली पोचली म्हणून. अराबा, ही किल्ली घे. पेटीतून पासपोर्ट काढ, आणि त्याच जागी ही बाटली ठेव.