रुंद करा म्हणलं हुतं!

न्हाई, न्हाई, न्हाई! त्या लेनीकडं बोट दाखवू नका मावशी, आणि हात आत घ्या आधी, लॉरी अंगाला घासून उभी हाय... रिकामी हाय म्हणं! अवो, मला बी दिसती की! गुळगुळीत डांबर, मधी पांढरा पट्टा, कडंला कुंड्या, कुंड्यात फुलं, आणि पत्र्याच्या अलीकडं आमी. आपल्या ह्या ट्रॅक्स गाडीच्या म्होरं लॉरी, लॉरीच्या म्होरं बस, बसच्या म्होरं उळवीच्या जत्रंतनं परतणारी बैलगाडी, आणि तुमास्नी सांगतो, त्या गाडीचा बैल मघापास्नं वळून वळून माझ्याकडं बघतोय, जणू काय मीच त्याला अडवलंय! "अवो डायवर, तिकडनं घ्या की, टोल आमी देतो!" पाव्हणं, मन मोठं हाय तुमचं. उळवीला जाऊन आल्यावर माणसाचं मन मोठं व्हतंयच. पण पैशाचा प्रश्न न्हाई हो. रुंद करा म्हणलं हुतं आमी! हाच रस्ता, सगळ्यांचा, रुंद करा म्हणलं हुतं. शेजारी दुसरा करा म्हणून कोण म्हणलं हुतं?

जरा हळू बोलूया. ही म्होरं बसलीया न्हवं, खिडकीला डोस्कं टेकून, ती माझी बायको, तुळजा. झोपली न्हाई, डोळं मिटल्यात नुस्तं. जत्रंला न्हवती आली ती. तिला बेळगावला न्यायचीया, मशिनीवर. डायलिसिस वो. किडनीनं हात टेकलं, मग मशीन रगत धुऊन देती, आठवड्यातनं दोनदा. आणि मशीन काय तुमच्यासाठी थांबती व्हय? येळ चुकली की दुसरा पेशंट झोपला तितं. मागच्या खेपंला असंच झालं, हितंच, ह्याच वळणावर, म्होरं लॉरीचा पाटा तुटला आणि आमी पोचलो तवा नर्सबाई म्हणल्या, "काका, आता सोमवारी या." सोमवारी! रगत काय सोमवारपतोर जुन्या पाण्यावर ठेवायचं? पाय बघा तिचं. चप्पल चढंना सकाळी. अनवाणीच येऊन बसली गाडीत.

आता तुमी म्हणशिला, रेल्वे हाय की. हाय! कॅसलरॉकवाल्यांचं बरं हाय, दारातनं गाडी जाती त्यांच्या. आमचं गाव पडलं आडरानात, टेसनावर जायला बी ह्योच रस्ता, आणि रेल्वेची येळ आणि मशिनीची येळ ह्यांचं जन्मात कवा जमलं न्हाई. म्हणून हायवे. रामनगर, खानापूर, बेळगाव. आणि म्हणून म्हणतो, रुंद करा म्हणलं हुतं!

हलली का? हलली, हलली... एक चाकभर हलली. थांबली.

तर तुमी इचारला, लेनीत का घालत न्हाई. लांबड हाय, पण आपल्याला कुठं जायचंय म्हणा! आमच्यात गाऱ्हाणं घालायची रीत हाय. देवासमोर गाव जमायचं, मानकऱ्यानं नारळ ठेवून हात जोडायचं, आणि गावाचं म्हणणं देवाच्या कानावर घालायचं, सावकाश, थांबत थांबत. "बा देवा म्हाराजा... आज ही तुझी लेकरं तुझ्या पायाशी जमल्याती..." असं म्हणून तो थांबला, की गावानं एका सुरात म्हणायचं, "व्हय म्हाराजा!" "लेकराबाळांस्नी, गुराढोरांस्नी, सुखात ठेव..." "व्हय म्हाराजा!" पोर चालायच्या आधी हे शिकतंय. आईच्या काखंत असतंय, तोंडात बोट असतंय, पण मानकरी थांबला की बोट काढून म्हणतंय. आणि आमचा मानकरी म्हंजे येसाजी अज्जा. काय गळा! ह्या डोंगरावर बोलला तर त्या डोंगरावरची म्हस वर बघायची.

आता हा रस्ता. ह्याच्या रुंदीसाठी आमी किती वर्सं भांडलो, ते इचारू नका. मोर्चा झाला, रास्ता रोको करायला गेलो तर रस्ता आधीच रोकलेला, आमी कुणाला रोकायचं? लॉरीवाल्यांनीच आमास्नी च्या पाजला. शेवटी एकदा वरनं निरोप आला, हायवेचं साहेब येणार, गावात सभा घेणार, लोकांचं म्हणणं ऐकून घेणार. पण रुंदीकरणाचं न्हाई. खाजगी कंपनी शेजारी जलद लेन बांधणार, टोल भरंल त्यानं तिकडनं जायचं, न्हाई भरणार त्यानं हितं कुजायचं. गावानं ठरवलं, एकमुखानं 'नको' म्हणायचं. आमचा अमोल हाय, कॉलेजात शिकवतोय, त्यानं तालीम घेतली हो आमची! "साहेबांनी विचारलं, टोल लेन हवी का, तर काय म्हणायचं?" "नको!" "रस्ता कसा हवा?" "रुंद!" बायजाकाकूला ऐकू कमी येतंय, ती बी म्हणली, "नको!" कशाला नको ते तिला ठाऊक न्हवतं, पण जोर चांगला हुता.

झालं. साहेब आलं, कंपनीचा एक टाय घातलेला आला, शाळंच्या पटांगणात मांडव, खुर्च्या, माईक. आणि साहेब माईकला हात लावायला आणि करंट जायला एकच गाठ. आता गाव एवढं जमलेलं, साहेबाचा आवाज पहिल्या ओळीच्या म्होरं जाईना, आणि वाचायचा कागद मराठीत. टायवाल्याला मराठी येईना. साहेब म्हणलं, "मोठ्या आवाजाचं कोण हाय काय रे तुमच्यात?" आणि सगळ्या गावानं, तुमास्नी सांगतो, अभिमानानं, येसाजी अज्जाकडं बोट दाखवलं! साहेबानं कागद हातात दिला. "जोराग ओद्री अज्जा!" जोरात वाचा!

अज्जा उठला. पटका सारखा केला. सगळं गाव समोर बसलेलं, सगळ्यांचं डोळं त्याच्यावर. त्या माणसानं जन्मात चारचौघात एकच गोष्ट बोललीया हो, गाऱ्हाणं. त्याला दुसरा सूर येतच न्हाई. बायकोला च्या मागतोय तो बी त्याच सुरात! कागद धरला, डोळं बारीक केलं, आणि लागला.

"तर... ह्या हायवेच्या शेजारी... कंपनी सरकार... जलद मार्गिका बांधतील..."

थांबला.

आणि गाव म्हणलं, "व्हय म्हाराजा!"

हसू नका! न्हाई, हसा, हसा... आमास्नी त्यावेळी कळलंच न्हाई. "त्या मार्गिकेवर... वाहनधारकांकडनं... टोल घेतील..." "व्हय म्हाराजा!" "त्यासाठी जुन्या रस्त्याची... साइडपट्टी... मार्गिकेत जाईल..." "व्हय म्हाराजा!" मी बाहेर गाडी लावत हुतो, तुमास्नी सांगतो, मला वाटलं गाव खवळलंय, साहेबाला हाणून पाडतंय, म्हणून मी बी चाक सोडून हात जोडलं आणि हितनं वरडलो, "व्हय म्हाराजा!" आत अमोल उभा ऱ्हायला, दोन्ही हात हलवतोय, घसा फुटायची येळ, "अवो नको म्हणा! नको म्हणा! सगळ्यांनी नको म्हणायचंय!" आणि श्वास घ्यायला थांबला.

"व्हय म्हाराजा!"

आणि मग अज्जा शेवटाला आला. शेवटाला आवाज चढवायचा असतोय. "आणि ह्या कामाला... समस्त ग्रामस्थांची... मनापास्नं संमती हाय..."

...बघा! बघा! मावशी, तुमी बी म्हणला! पाव्हणं, तुमी बी! तुमचं गाव न्हाई, तुमचा देव न्हाई, तुमी उळवीचं भक्त, आणि दोन वाक्यांत तुमास्नी सवय लागली! मग आमचं काय झालं असंल?

साहेबाच्या डोळ्यात पाणी, खरं सांगतो. म्हणलं, "एवढ्या वर्सांच्या नोकरीत असा पाठिंबा बघितला न्हाई." टायवाल्यानं सगळं मोबाईलवर घेतलं. आमी गाडीमागं पळालो, अमोल कन्नडात सांगतोय, मराठीत सांगतोय, विंग्रजीत सांगतोय, "साहेब, ती संमती न्हवं, ती रीत हाय!" साहेबानं काच खाली केली. "रीत कशी लिव्हायची? मी काय ऐकलं ते लिव्हलं." काच वर.

रुंद करा म्हणलं हुतं... म्हणलं हुतं का? तिथंच तर सगळं आलं. मनात म्हणलं हुतं. तोंडानं दुसरंच म्हणलं.

हलली का बैलगाडी? हलली. चला... ही, ही म्होरं निळी पाटी दिसती न्हवं, तितं लेनीत शिरायचं शेवटचं तोंड हाय. एकदा तोंड मागं पडलं की मग पत्राच पत्रा, पार खानापूरच्या अंगाला जाईपतोर. तुमी ती पाटी वाचू नका फक्त. मला वाचून दाखवू नका.

त्याच दिवशी सांजचं गाव देवळात गेलं. कोण बोलवलं न्हाई, आपसूक गेलं. अज्जा नारळ घेऊन आला. पायरीवरच बसला म्हातारा. "माझ्या तोंडानं गाव गेलं," म्हणला. आमी म्हणलो, अज्जा, तुमच्या न्हवं, आमच्या तोंडानं गेलं, तुमी नुस्तं वाचला. ऐकंना. उठला आणि गाऱ्हाणं घातलं. "बा देवा म्हाराजा... आमी लेकरं चुकलो... जोवर सगळ्यांचा रस्ता रुंद व्हत न्हाई... तोवर ह्या गावचं चाक... त्या लेनीला लागणार न्हाई..." आणि थांबला. पाव्हणं, जन्मात पहिल्यांदा गावानं लगेच म्हणलं न्हाई. प्रत्येकानं आधी इचार केला. मग म्हणलं. सगळ्यात आधी कोण म्हणली ठाऊक हाय? ही. तुळजा. तवा धडधाकट हुती, भाताचं पोतं कमरंवर घ्यायची. तिला काय ठाऊक, की वरीसभरात ह्या लेनीची गरज सगळ्यात आधी तिलाच लागणार हाय?

त्या दिवसापास्नं अज्जानं गाऱ्हाणं घातलं न्हाई. गळा गेला म्हणतोय. गळा गेला न्हाई, च्या मागतोय अजून ऐकू येतंय आमास्नी... पण देवासमोर उभा ऱ्हात न्हाई.

आणि गावानं पाळलं बघा. लगीनघरचा टेंपो असू दे, भाजीची गाडी असू दे, एक चाक तिकडं गेलं न्हाई. कुजलो, पण हितं कुजलो. मी गेलो असतो. खरं सांगतो, देवाला तोंड दाखवता आलं असतं मला, देव काय आंधळा हाय? मी हिला दर खेपंला इचारतो. ही निळी पाटी आली की इचारतो, "तुळजे, वळवू?" आणि ही दर खेपंला एकच म्हणती, "सरळ चला." मागच्या खेपंला मशीन चुकली, तवा बी हेच. मी चिडलो, म्हणलो, अगं, देवाला काय तुझा जीव पायजे? तर म्हणती, "आज मी गेले तर उद्या समदी जात्याल. मग रुंद करा म्हणून कोण म्हणंल?" मला राग येतोय तिचा. आणि तिच्यासारखं माणूस मी दुसरं बघितलं न्हाई.

आली पाटी.

थांबा जरा, कोण बोलू नका... तुळजे. ए तुळजे. लेनीचं तोंड आलंय. म्होरं खानापूरपतोर सगळं तटलंय गं. तुझा श्वास हितपतोर ऐकू येतोय मला. मी काय म्हणत न्हाई, आपलं इचारतो, दर खेपंला इचारतो तसं... वळवू?

...

ऐकला तुमी? मावशी, तुमी जवळ हाय, ऐकला न्हवं? सरळ चला म्हणली न्हाई ती. डोळं उघडलं न्हाईत. नुस्तं ओठ हललं.

"व्हय म्हाराजा."

...धरा घट्ट सगळ्यांनी. वळवतोय. अज्जा, ऐकत असशील तर तू तरी रागावू नको रे. तुळजे, पाणी घे. पोचतो बघ आता, मशिनीच्या येळंआधी पोचतो. पाव्हणं, काढा तुमच्या टोलचं पैसे, आता न्हाई म्हणत न्हाई. मागं बघू नका, ती बैलगाडी आमच्याकडं बघती असंल... आणि तुमी काय वाचताय? नको म्हणलं हुतं न्हवं ती पाटी? बरं, वाचलाच तर मोठ्यानं वाचा. "हा मार्ग... समस्त ग्रामस्थांच्या... मनःपूर्वक संमतीनं..."

आता थांबलासा कशाला हो पाव्हणं? तुमी थांबला, की आमास्नी म्हणावं लागतंय.