बुबुळाचा श्वास

डोळ्यांत थेंब घालून मास्तर दवाखान्यात डोळे मिटून बसले होते. शेजारच्या सासू-सुनेचं बोलणं तेवढं कानावर पडत होतं.

"म्हणे बुबुळ गुदमरलं! बोलण्याला शेंडा ना बुडखा!"

"आई, बुबुळावरच्या पडद्यात रक्त नसतं. त्याच्या पेशी मुख्यतः हवेतून ऑक्सिजन घेतात. लेन्स घालून झोपलं की तो पुरेसा पोचत नाही, आणि पेशींना तर झोपेतही लागतोच."

"मग चार रात्री का झोपलीस तशी?"

"काढल्या तर पाळण्यातलं बाळ दिसत नाही मला."

"चष्मा लावायला काय धाड भरली होती?"

"तो तुमच्या कपाटात आहे. पाहुण्यांना दिसायला नको म्हणून तुम्हीच कुलपात ठेवलात."

 सासूच्या बाजूने किल्ल्यांचा जुडगा वाजला.