आई, चालू झालं का?

…हो रे, तेच तं सांगून राह्यली तुले, लॅपटॉपले काही झालं नाही — चालू होते, इंटरनेट येते, माही पत्रं उघडतात — पत्रं म्हणजे ईमेल, तेच ते — फक्त चालू केला का दरवेळी मधात ही पेटी येते, पाह्य, आली ना? सर्व्हिस सुरू होऊ शकली नाही, अन् खाली नंबर, एक हजार त्रेपन्न. वहीत लिहून ठेवला मी, हे पाह्य, तारीखवार, बावीस वेळा आला. हासू नको. चौतीस वर्षं हजेरी घेतली, सवय जाते का? अन् त्या खुर्चीवर नको बसू, सागर, तिचा पाय हालते, इकडे स्टुलावर ये. पाणी पे आधी. आमच्या देऊळघाटात मोबाईलचे काचं बदलणारे दोघं हायेत, पण लॅपटॉप कोणी उघडत नाही, म्हणून तुले बुलढाण्याहून बोलावलं. चौथीत माह्या वर्गात होता तेव्हा पेन उघडून स्प्रिंग काढून बसत जाय तू — तेव्हाच म्हटलं होतं मी, हे पोट्टं मोठं होऊन काहीतरी खोलत बसन.

काय काय केलं विचारतं? सारं केलं. बंद करून चालू केला, ते तं पहिल्याच दिवशी. मंग अश्वजितनं फोनवर सांगितलं — अश्वजित माहा पोरगा, पुण्याले कंपनीत हाये, पाह्यला असशीन तू त्याले शाळेत — त्यानं सांगितलं, आई, सर्व्हिसेसची यादी उघड, त्यात 'सिस्टम हेल्थ' शोध, ऑटोमॅटिक कर अन् स्टार्ट दाब. दाबलं. ती पट्टी सरकत सरकत जाते, अर्ध्यात गेली का थांबते, अन् पुन्हा ही पेटी. काढून टाकून पेन ड्राईव्हवरून पुन्हा टाकलं, तरी तेच. तारीख चुकली असन म्हणे, तारीख पाह्यली, तारीख बरोबर. रोज फोन करते बिचारा. खरंच, रोज. आधी रविवारी यायचा त्याचा फोन, तो बी कसा — जेवली का, गोळी घेतली का, ठेवतो. आता दिवाळीपासून रोज संध्याकाळी सात वाजता — आई, चालू झालं का? शेजारच्या केसरबाईले मी मुद्दाम सांगितलं, तिचे दोन्ही पोरं सुरतेले, महिना महिना फोन नाही — म्हटलं पाहा, माह्या पोराले माह्या लॅपटॉपची बी काळजी हाये. खरं सांगू का? एकदोनदा मनात आलं का हे चालू नाही झालं तं बरंच हाये. चालू झालं का फोन बंद होईन.

त्यानंच टाकलं ना ते, दिवाळीच्या सुट्टीत आला होता तेव्हा. एरवी घरी आला का त्याचं तोंड मोबाईलमध्ये, हो अन् हूं, बस. या दिवाळीले मात्र स्वतःहून म्हणे, आई, आण तुहा लॅपटॉप, त्याची तब्येत सांभाळणारं एक सॉफ्टवेअर टाकून देतो, व्हायरस-बियरस काही येणार नाही. अन् बसला — इथीच, तू बसला ना, तिथीच — दोन तास बसला रे माह्याजवळ. मी भुईमुगाच्या शेंगा भाजल्या, सोलून सोलून दाणे त्याच्या हातावर ठेवत गेली, तो न पाहता तोंडात टाकत जाय. मधात मले विचारे, आई, तुहा पासवर्ड काय, आई, तू हे कशात लिहितं, आई, दुपारी किती वेळ बसतं यावर? मी सारं सांगत गेली. त्याचे बाबा जाऊन नऊ वर्षं झाले, या नऊ वर्षांत तो एवढा वेळ माह्याजवळ बसला नव्हता — काय झालं? काऊन थांबला?

सापडलं का काही? मंग सांग ना. फाईल? ॲन्टिव्हायरसनं एक फाईल कोंडून ठेवली, म्हणून सर्व्हिस चालू होत नाही — असं? बस एवढंच? मंग सोडव तिले अन् चालू कर, झालं. बावीस दिवस झाले मी — नाही काय नाही? सोडवू नका काऊन? पाह्य सागर, माह्याकडे पाह्य. चौथीत ऑफिसच्या खिडकीची काच फोडली होती तू, तेव्हा असंच तोंड करून उभा होता, अन् मी काही बोलाच्या आधी कान पकडले होते स्वतःचे. आता तं काच तू फोडली नाही ना? मंग बोल. … हं. … कशाचे फोटो? माह्या स्क्रीनचे? म्हणजे मी जे लिहिते ते? दर पाच मिनिटाले एक? अन् टाईप केलेलं अक्षर न् अक्षर? अन् मंग ते जातात कुठी? कुठी तरी जातच असन ना, सांग ना पत्ता, तिथी लिहिलेलाच असन. लॅपटॉप असा तिकडे नको फिरवू, माह्याकडे कर. थांब, चष्मा लावते.

हा तं अश्वजितचा ईमेल हाये.

नाही, असं होऊ शकते ना का व्हायरसनंच त्याचं नाव टाकलं असन तिथी? तूच सांगतं ना लोकाईले, आजकाल कोणाच्या बी नावानं काही बी येते. किंवा कंपनीचं असन काही, त्याच्या कंपनीत सगळ्याईच्याच लॅपटॉपवर असते म्हणे असं, चुकून तेच पेन ड्राईव्हमध्ये आलं असन — नाही? हे काय लिहिलं तिथी? कोणत्या नावाचं पत्र आलं का लगेच कळवायचं, त्याची यादी? अन् यादीत एकच नाव? दे. मीच वाचते.

भाऊराव.

… नको. पाणी नको. बस तू खाली.

फसवलं रे त्यानं मले. दोन तास बसला. मी दाणे सोलून देत होती, तो माहे दाणे खात खात हे टाकत होता. अन् ते फोन — आई, चालू झालं का, आई, चालू झालं का — मी केसरबाईपुढे मिरवलं रे. काल त्यानं विचारलं तं मी माफी मागितली त्याची. म्हटलं, बाबा, माह्याच्यानं होत नाही हे, म्हातारी झाली मी, तू चिडू नको. तं म्हणे, चिडत नाही आई, कोणाले तरी बोलाव, पैसे मी देतो. म्हणजे तुले बी त्यानंच बोलावलं, सागर, मी नाही. माह्यावर पहारा बसवाले मी स्वतः माणूस बोलावला, पाणी पाजलं त्याले.

तुले वाटत असन, काय करते ही बाई लॅपटॉपवर. काही नाही करत. भाऊराव रोहिणखेडचे, गुरांच्या दवाखान्यात मलमपट्टी करणारे ड्रेसर होते, माह्यासारखेच रिटायर. त्यांची बायको गेली त्याले सहा वर्षं झाले. दोन वर्षांमागं बुलढाण्याच्या बुद्धविहारात पावसाळ्यातलं वर्षावासाचं ग्रंथवाचन होतं, तिथी आळीपाळीनं वाचायचो आम्ही. ते वाचताना थांबतच नव्हते कुठी, ना स्वल्पविराम ना पूर्णविराम, एका दमात पान संपवायचे, अन् मंग मोठ्यानं श्वास घ्यायचे. मी टोकलं एकदा, सगळ्याईपुढे. राग नाही आला त्यांना. दुसऱ्या दिवशी येऊन म्हणतात, मॅडम, कुठी थांबायचं तिथी पेन्सिलनं खूण मारून द्या. बस, तिथून सुरू झालं. फोनवर बोलाले लाज वाटते मले, घराच्या भिंती पातळ, केसरबाईचे कान लांब. लिहाले नाही लाज वाटत. दुपारी एक पत्र मी लिहिते, संध्याकाळी त्यांचं येते — आज बकरीले पाला टाकला, आज गुडघा दुखून राह्यला, आज तुमची आठवण आली. त्यात काय पाप हाये? तू सांग, काय पाप हाये?

त्याले कोणी सांगितलं असन? या गावात सांगाले काय कोणी लागते. पण त्यानं मले विचारायचं होतं ना. दोन तास बसला होता, एक मिनिट विचारायचं होतं — आई, हे भाऊराव कोण? मी सांगितलं असतं. … नसतं सांगितलं. खोटं कायले बोलू तुह्यापुढे. मी म्हटलं असतं, कोणी नाही रे, विहारातले हायेत एक. दिवाळीत चार वेळा तोंड उघडलं मी सांगाले, अन् चारही वेळा म्हटलं, अजून एक पोळी घे. पण ते वेगळं. लपवणं वेगळं अन् असं चोरून पाहत बसणं वेगळं. आईचं कोणी असं — मी नाही केलं कधी त्याच्यासोबत असं. म्हणजे एकदा. एकदाच. बारावीत होता तो, त्याच्या नावानं पत्र आलं होतं, निशिगंधा नावाच्या पोरीचं. वाफेवर उघडलं मी, वाचलं, अन् गॅसवर धरलं. परीक्षा दोन महिन्यांवर आली होती रे, अन् ती पोरगी काही वाईट नव्हती, अक्षर चांगलं होतं तिचं, पण मी आई होती त्याची, मले वाटलं मले अधिकार हाये. त्याले काही माहीत नाही ते. तो महिनाभर पोस्टमनची वाट पाहत दारात उभा राहत जाय, मी पाह्यलं, अन् बोलली नाही. … हे कायले सांगितलं मी तुले? विसर ते. दुसऱ्या कोणाजवळ बोलशीन तं पाह्य.

काय करतं? डिलीट? थांब. हात काढ तिथून. मले एक सांग — आजवर एक बी फोटो गेला नाही? एक बी अक्षर नाही? चालूच झालं नाही, तं गेलं कसं असन, बरोबर हाये. म्हणजे त्याच्याजवळ काहीच नाही. बावीस दिवस वाट पाहून राह्यला, अन् हातात काही नाही त्याच्या.

आता पाह्य, मी त्याले फोन केला, तं काय होईन? मी भांडायले जाईन अन् रडीन. माह्या आवाजात रडणं आलं का त्याले वाटन आपलंच बरोबर, मंग तो मले समजावाले बसन, लोक काय म्हणतीन, तुहं वय काय, पुण्याले चाल. अन् मी बी जाईन, मले माहीत हाये माहा स्वभाव. तोंडानं मले काही सांगता येत नाही त्याले, कधीच आलं नाही. लिहिता येते फक्त. बारा दिवस झाले, भाऊरावचा एक प्रश्न येऊन पडला हाये — रजिस्टर लग्न करू, चारचौघाईले सांगू, अन् तुम्ही रोहिणखेडले राहाले याल का? बारा दिवस मी त्यांना बकरी कशी हाये, गुडघा कसा हाये, एवढंच विचारून राह्यली. कारण आधी अश्वजितले विचारायचं होतं मले. पोराले विचारल्याशिवाय कसं म्हणू, असं वाटे.

सोडव ती फाईल.

हो, ऐकलं तू बरोबर. कोंडली ना, ती सोडव, अन् सर्व्हिस चालू कर. हे बंद करा म्हणून सांगायचा तुहा धर्म होता, तू सांगितलं, चांगला पोरगा हायेस, आता माहं ऐक. लॅपटॉप माहा, पत्रं माही. … नाही, डोकं फिरलं नाही माहं. रागात बी नाही — हाये, रागात हाये, लय रागात हाये, त्या दोन तासाचं मी त्याले कधी माफ करीन का मले माहीत नाही. पण चालू कर. दाब ते स्टार्ट. गेली पट्टी? अर्ध्याच्या पुढे गेली? … रनिंग. हं. पेटी नाही आली या वेळी. झालं म्हणायचं.

उठ आता. चहा पुढच्या वेळी. तुही मजुरी त्याच्याकडूनच घेजो, त्यानंच बोलावलं तुले, सांगजो त्याले का मॅडमनं काम पाह्यलं, बरोबर झालं. बाकी काही सांगायचं नाही. अन् जाता जाता दार लोटून घे, केसरबाई डोकावन. नाही, आता बोलू नको माह्याशी, मले लिहू दे. दर पाच मिनिटाले एक फोटो म्हणतं ना तू? मले टायपिंगले वेळ लागते, सागर. पहिल्याच फोटोत 'हो' आलं पायजे. जाय.